चाळीस कार्डं, एक मोबाइल, दोन बल्ब

गावातली शाळा 'डिजिटल' झाली म्हणजे नेमकं काय झालं, असं विचारलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र येतं. भिंतीवर मोठा टीव्ही, नाहीतर प्रोजेक्टर आणि पडदा. समोर मांडी घालून बसलेली मुलं. पडद्यावर नाचत-गात चाललेली कविता. २०१५ साली 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम आला. त्यानंतर जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळांनी लोकवर्गणी काढून ही साधनं उभी केली. कुणी ग्रामपंचायतीचे उंबरे झिजवले, कुणी मुंबई-पुण्यात नोकरीला लागलेल्या माजी विद्यार्थ्यांना गाठलं. 'तंत्रस्नेही शिक्षक' असा एक वेगळा वर्गच तयार झाला. त्या धडपडीची टिंगल करायची नाही. पगारात पदरमोड करून स्पीकर आणणारे गुरुजी-बाई आहेत आणि त्यांचं मोल आहेच.

पण त्या चित्राकडे जरा नीट बघा. पडद्यावर जे चाललंय त्याला मुलांच्या डोक्यात काय चाललंय याचा पत्ताच नाही. अर्धा वर्ग पेंगला तरी व्हिडिओ त्याच वेगाने पुढे जाणार. सगळ्यांना आधीच येत असेल तरी तो तेच सांगणार.

'इंटरॅक्टिव्ह' किंवा 'परस्परसंवादी' म्हणून जी साधनं विकली जातात, त्यांची परीक्षा इथे घ्यायची. मुलाने विचार करून काहीतरी केलं, आणि त्या करण्यामुळे पुढचं काही बदललं का? बदलणारी गोष्ट पडद्यावरची असेल किंवा शिक्षकाचं पुढचं वाक्य असेल, दोन्ही चालेल. बदललंच नाही, तर साधन कितीही महाग असो, तो टीव्हीच.

आणि टीव्हीचा अनुभव आपल्याला नवा नाही. १९७५-७६ मध्ये 'साइट' हा प्रयोग झाला. अमेरिकेच्या उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० गावांत शैक्षणिक कार्यक्रम दाखवले गेले. महाराष्ट्रात १९८४ साली पुण्यात 'बालचित्रवाणी' उभी राहिली. दूरदर्शनवरचे तिचे कार्यक्रम पाहिलेली पिढी आज चाळिशी ओलांडून गेली आहे, आणि २०१७ मध्ये ती संस्था बंद पडली तेव्हा अनेकांना हळहळ वाटली. मग सीडी आल्या, पेन ड्राइव्हमधलं ई-लर्निंग आलं, २०१७ मध्ये 'दीक्षा' हे केंद्राचं ऑनलाइन शैक्षणिक व्यासपीठ आलं. पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आले. सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले यांनी केलेलं काम यात मोठं. २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांना मिळाला तो या कामासाठी आणि मुलींच्या शिक्षणासाठी केलेल्या प्रयत्नांसाठी. दहा लाख डॉलरच्या बक्षिसातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून टाकली. क्यूआर कोडमुळे पुस्तकातून मजकुरापर्यंत पोचणं सोपं झालं, हे खरंच. पण कोड दार उघडतो, इतकंच. आत पुन्हा व्हिडिओच असेल, तर मुलाची जागा बदलत नाही. ते प्रेक्षकच राहतं.

अमेरिकेतल्या शिक्षणशास्त्रज्ञ मिशेलिन ची आणि रूथ वायली यांनी २०१४ मध्ये एक मांडणी केली, ती इथे फार कामाला येते. वर्गातलं मूल चारपैकी एका अवस्थेत असतं. नुसतं बघत-ऐकत असतं. किंवा हाताने काही करत असतं: अधोरेखन, उतरवून घेणं, बटण दाबणं. किंवा स्वतःचं काही रचत असतं: स्वतःच्या शब्दांत कारण सांगणं, आकृती काढणं, अंदाज बांधणं. किंवा दुसऱ्याशी बोलून, वाद घालून, त्याच्या म्हणण्यावर आपलं काही चढवत असतं. शिकणं या क्रमाने वाढत जातं, असं त्यांचं म्हणणं.

आता लाख-दीड लाखाच्या टच पॅनेलकडे या चष्म्यातून बघा. एक मुलगी पुढे येते, फळांची चित्रं बोटाने ओढून टोपलीत टाकते, टाळ्या वाजतात. ती दुसऱ्या पायरीवर आहे. बाकीचा वर्ग पहिल्या. पॅनेलवर बोट फिरतंय म्हणून आपल्याला सगळं 'इंटरॅक्टिव्ह' वाटतं, एवढंच.

मग वरच्या दोन पायऱ्या गाठायच्या कशा? एक तास डोळ्यांसमोर आणू.

आठवीचा वर्ग, विज्ञान, धाराविद्युत. शाळेत प्रोजेक्टर एक, मोबाइल एक, तोही सरांचा स्वतःचा. मुलांच्या हातात पुठ्ठ्यावर छापलेली कार्डं आहेत. 'प्लिकर्स' नावाच्या ॲपची ही कार्डं. प्रत्येकावर काळ्या-पांढऱ्या चौकोनांची वेगळी नक्षी आणि एक क्रमांक. तो क्रमांक हजेरीपटाशी जोडलेला. कार्डाच्या चार कडांना अगदी बारीक टाइपात ए, बी, सी, डी छापलेलं असतं. जे उत्तर वाटतं ते अक्षर वर येईल असं कार्ड फिरवून धरायचं. अक्षर इतकं बारीक, की शेजाऱ्याला दिसत नाही, आणि प्रत्येकाची नक्षी वेगळी असल्याने बघून नक्कल करता येत नाही. सर मोबाइलचा कॅमेरा वर्गावरून फिरवतात आणि ॲप सगळ्यांची उत्तरं टिपून घेतं. नेहमीचा संच ४० कार्डांचा असतो, मोठ्या वर्गासाठी ६३ चा.

पडद्यावर प्रश्न: एक विद्युत घट, दोन अगदी सारखे बल्ब, एकसर जोडणी, म्हणजे दोन्ही बल्ब एकाच तारेच्या वाटेवर एकामागे एक. कोणता बल्ब जास्त उजळेल? घटाच्या धन टोकाकडचा, ऋण टोकाकडचा, दोन्ही सारखे, की दोन्ही पेटणारच नाहीत?

प्रश्न साधा दिसतो, पण त्यातले चुकीचे पर्याय सहज भरलेले नाहीत. जगभरातल्या मुलांना वीज 'वापरली जाते', वाटेत संपत जाते असं वाटतं, हे विज्ञान शिक्षणाच्या अभ्यासात पुन्हा पुन्हा दिसलंय. पहिल्या बल्बने आपला वाटा घेतला, उरलेली दुसऱ्याला मिळाली, असं ते चित्र. हे वाटणारं मूल पहिल्या किंवा दुसऱ्या पर्यायाकडे जातंच. म्हणजे चुकलेलं कार्डही सरांना काहीतरी सांगतं. बहुपर्यायी प्रश्नाचा सगळा जीव इथे असतो. चुकीचे पर्याय गमतीचे किंवा उघड खोटे दिले, तर ॲप कितीही झकपक असो, हाती काही लागत नाही.

समजा, ४० पैकी १४ जणांनी 'दोन्ही सारखे' निवडलं. सर उत्तर सांगत नाहीत. म्हणतात, शेजारच्याला पटवा. वर्गात गलका होतो. तो साधारण असा:

"अगं, पहिला बल्ब घेणारच ना आधी!"

"मग घट उलटा लावला तर?"

"तर दुसरा पहिला होईल."

"पण तार तर गोल फिरून परत घटालाच येते. त्यातला पहिला कोण ते बल्बला काय ठाऊक?"

दोन-तीन मिनिटांनी पुन्हा कार्डं वर. आकडा बहुधा बदललेला असतो.

ही पद्धत हार्वर्डमधले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मॅझुर यांची, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीची. आपल्या विद्यार्थ्यांना गणितं सुटतात, पण साध्या भाषेत विचारलेल्या बलाच्या मूलभूत प्रश्नांना ते अडखळतात, हे त्यांच्या लक्षात आलं. मग त्यांनी व्याख्यान तोडून मध्ये प्रश्न घालायला सुरुवात केली. त्यांचा हिशोब सुटसुटीत आहे. पहिल्या फेरीत ३० टक्क्यांहून कमी मुलं बरोबर असतील तर चर्चा करून उपयोग नाही, मुद्दा पुन्हा शिकवा. ७० टक्क्यांच्या वर असतील तर थोडक्यात सांगून पुढे जा. मधल्या पट्ट्यात असतील तर आपापसांत बोलू द्या. आपले १४ म्हणजे ३५ टक्के, म्हणून सरांनी बोलू दिलं.

पण एका हुशार मुलाने सांगितलं आणि बाकीच्यांनी मान डोलावली, असंच तर होत नसेल? ही शंका रास्त आहे, आणि तिची तपासणी झाली आहे. कोलोरॅडो विद्यापीठातल्या एका जनुकशास्त्राच्या वर्गावरचा अभ्यास २००९ मध्ये 'सायन्स'मध्ये आला. चर्चेनंतर त्याच कल्पनेवरचा दुसरा, नवा प्रश्न प्रत्येकाला एकट्याने सोडवायला दिला होता. गटात मुळात कुणालाच बरोबर उत्तर येत नव्हतं, अशाही ठिकाणी मुलं सुधारलेली दिसली. बोलता बोलता ती उत्तरापर्यंत पोचली होती.

मला सर्वांत आवडलेला अभ्यास मात्र कॅनडातला आहे. नॅथॅनिएल लास्री यांनी २००८ मध्ये तपासलं, की हीच पद्धत इलेक्ट्रॉनिक क्लिकरने, म्हणजे बटण दाबून उत्तर द्यायच्या हातातल्या यंत्राने राबवली आणि साध्या कागदी कार्डांनी राबवली, तर शिकण्यात किती फरक पडतो. लक्षणीय म्हणावा असा फरक पडला नाही. क्लिकर विकणाऱ्यांना ही बातमी गोड लागली नसणार. यंत्राचा फायदा शिक्षकाला होतो: मोजणी झटपट होते, कोण चुकलं त्याची नोंद राहते, तीन आठवड्यांनी मागे वळून बघता येतं. मुलाला फायदा होतो तो प्रश्नाचा आणि शेजाऱ्याशी झालेल्या वादाचा.

परत आपल्या वर्गात. दुसरी फेरी झाली, आता खरं-खोटं करायचं. सर 'फेट' उघडतात. हा सिम्युलेशन्सचा, म्हणजे पडद्यावर करून बघायच्या प्रयोगांचा संग्रह. कोलोरॅडो विद्यापीठातच २००२ मध्ये कार्ल वाइमन यांनी हा प्रकल्प सुरू केला. त्याच्या आदल्या वर्षी त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं होतं. पूर्ण मोफत, बरीचशी सिम्युलेशन्स मराठीतही आहेत आणि एकदा उतरवून घेतली की नेटशिवाय चालतात. परिपथ जोडायच्या सिम्युलेशनमध्ये तारा, घट, बल्ब ओढून आणायचे, टोकाला टोक जुळवायचं. परिपथ पूर्ण झाला की तारांमधून निळे ठिपके सरकू लागतात. ते इलेक्ट्रॉन.

वर्गाला आता फक्त ठिपक्यांचा वेग बघायला सांगायचं. पहिल्या बल्बच्या आधी, दोन बल्बच्या मध्ये, दुसऱ्याच्या नंतर. सगळीकडे सारखाच. धारा मोजणारा अमीटर तिन्ही ठिकाणी लावून बघा, आकडा तोच. दोन्ही बल्बचा उजेड सारखा. वाटेत विद्युतधारा संपत नाही. बल्बमध्ये घटाची ऊर्जा खर्ची पडते, धारा तेवढीच राहते. ज्या मुलीने पाच मिनिटांपूर्वी 'पहिला बल्ब' म्हणून शेजारणीशी भांडण केलं, ती हे ठिपके ज्या नजरेने बघते, त्या नजरेने आयता व्हिडिओ कुणी बघत नाही. तिने आधी आपलं मत पणाला लावलंय.

बारीक खाचाखोचा आहेत. ठिपके घटाच्या ऋण टोकाकडून निघतात, पुस्तकातला बाण धन टोकाकडून. कुणीतरी 'सर, हे उलटं चाललंय' म्हणणारच. सिम्युलेशनमध्ये संकेतमान्य विद्युतधारा, म्हणजे पुस्तकातल्या बाणाची दिशा, दाखवायचा पर्याय आहे. तो कुठे आहे ते आदल्या दिवशी बघून ठेवावं. दुसरी गोष्ट, सिम्युलेशनमधले बल्ब आदर्श असतात. बाजारातले दोन बल्ब हुबेहूब सारखे निघतीलच असं नाही, आणि एखादा मंद पेटला की मुलं म्हणतात, बघा, आमचंच खरं. म्हणून आधी सिम्युलेशन, मग खरे बल्ब आणि फरक दिसला तर त्यांची अदलाबदल करून बघणं, हा क्रम बरा. बॅटरीचे जुने तारेचे बल्ब हल्ली मिळणं अवघड झालंय. दुकानदार एलईडी काढून देतो, आणि तो दीड व्होल्टच्या एका सेलवर तसाच जोडला तर पेटत नाही. सगळी तयारी करून ऐन तासाला अंधार.

तरीही खरे बल्ब हवेतच. तार नीट सोलली नाही तर परिपथ पूर्ण होत नाही, हे पडदा शिकवू शकत नाही.

सिम्युलेशन मुलांच्या हाती द्यायचं असेल, म्हणजे शाळेत संगणक कक्ष असेल किंवा चौघांत एक टॅब असेल, तर शिक्षकाची मोठी अडचण ही की गप्प बसवत नाही. 'आता इथे क्लिक करा, आता हे ओढा' अशी यादी दिली की मुलं यादी संपवतात आणि थांबतात. फेटच्या गटाने मुलांना सिम्युलेशन वापरताना जवळून पाहिलं. त्यांना आढळलं, की सूचना फार दिल्या तर मुलं तेवढंच करतात. थोडा मोकळा प्रश्न दिला तर स्वतः शोधत सुटतात. म्हणून पहिली पाच-दहा मिनिटं नुसती खेळू द्यावीत, असा त्यांचा सल्ला आहे. तेवढ्यात कुणीतरी घटाची दोन्ही टोकं तारेने थेट जोडणार आणि पडद्यावर घटाला आग लागणार. अख्खा वर्ग तिथे गोळा होणार. होऊ द्या. शॉर्ट सर्किटचा धडा तिथूनच सुरू करा. कुणी पेन्सिल जोडून बघेल, कुणी नाणं, कुणी खोडरबर. वाहक-अवाहकाचा तक्ता मुलांच्या हातूनच तयार होतो.

आता 'कहूत'बद्दल, कारण शहरी शाळांत आणि क्लासमध्ये त्याचीच चलती आहे. नॉर्वेतून आलेला हा प्रश्नमंजुषेचा खेळ. संगीत, रंगीत चौकोन, उलटी मोजणी, प्रत्येक प्रश्नानंतर गुणफलक. मुलं जागी होतात यात वादच नाही. पण यात लवकर उत्तर देणाऱ्याला जास्त गुण मिळतात. पाढे, राजधान्या, स्पेलिंग यांना हे ठीक. बल्बसारख्या प्रश्नाला हे मारक, कारण तिथे आपल्याला मुलाने थांबायला हवंय. शिवाय गुणफलकावर तीच चार-पाच नावं वर असतात आणि खालचे तिसऱ्या प्रश्नानंतर काहीही दाबू लागतात. वेळ वाढवता येतो, गटात खेळवता येतं, गुण बंद ठेवता येतात. हे केलं तर कहूतही चांगल्या प्रश्नाचं साधन होतं. कुणी करत नाही, कारण मग 'मजा' जाते. मजा आणि गुंतणं यांत आपण गल्लत करतो, असं माझं स्पष्ट मत आहे. आरडाओरडा करणारा वर्ग विचार करत असेलच असं नाही, आणि कार्ड हातात धरून कपाळाला आठ्या घातलेला मुलगा कंटाळलेला आहे असंही नाही.

इथवर सगळं एका वर्गाने एकत्र करायच्या गोष्टींचं झालं. दुसरी जात आहे ती प्रत्येक मुलाच्या समोर वेगळा पडदा असणाऱ्या सॉफ्टवेअरची. यातला एक भारतीय पुरावा भक्कम आहे. दिल्लीत सहावी ते नववीच्या सुमारे ६०० मुलांवर 'माइंडस्पार्क' या सॉफ्टवेअरचा अभ्यास झाला. कार्तिक मुरलीधरन, अभिजीत सिंग आणि अलेहांद्रो गानिमियन यांनी तो २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. ते वापरायची संधी कुणाला मिळणार हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं, म्हणजे आधीच हुशार मुलं निवडल्याचा संशय नको. साडेचार महिन्यांत संधी मिळालेली मुलं गणितात आणि हिंदीत बाकीच्यांच्या स्पष्ट पुढे गेली. कारण समजून घेण्यासारखं आहे. यातली बरीच मुलं आपल्या इयत्तेच्या कितीतरी वर्षं मागे होती. सॉफ्टवेअर आठवीतल्या मुलाला त्याला येत असलेल्या चौथीच्या पातळीवरून उचलत होतं. चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात एकटा शिक्षक हे करू शकत नाही. गंमत अशी, की शाळेच्या नेहमीच्या गणिताच्या परीक्षेत तेवढा फरक दिसला नाही, कारण ती परीक्षा आठवीचंच विचारते. चौथीतून सहावीत पोचलेल्याची दखल ती घेत नाही.

याच्या उलट पेरूचं उदाहरण. तिथे सरकारने 'प्रत्येक मुलाला लॅपटॉप' योजना राबवली. ३१९ ग्रामीण शाळांचा अभ्यास २०१२ मध्ये आला. यंत्रं पोचली, वापरही वाढला, गणित आणि भाषेत मात्र सुधारणा दिसली नाही. लॅपटॉपवर काय करायचं, कुणाच्या पातळीचं करायचं, हे ठरलेलंच नव्हतं.

तर शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत पॅनेल घेण्याचा विषय निघाला, की विक्रेत्याला त्याचं आवडतं डेमो दाखवू देऊ नका. आपल्या शाळेतल्या एखाद्या बाईंना त्यांचा पुढच्या आठवड्याचा पाठ घेऊन पुढे बोलवा आणि त्यांच्याकडून तो पॅनेलवर घेऊन बघा, नेट बंद करून. मराठी टाइप करता येतं का, जोडाक्षरं तुटतात का, आपला स्वतःचा प्रश्न घालायला किती मिनिटं लागतात, हमी संपल्यावर तालुक्याला दुरुस्तीला माणूस येतो का, हे तिथल्या तिथे कळेल. सोबत आलेल्या मजकुराचं वर्गणीशुल्क दुसऱ्या वर्षापासून किती, हे लेखी घ्या. आणि वीजबिलाची तजवीज आधी करा; बिल थकल्याने जोडणी तोडलेल्या जिल्हा परिषद शाळांच्या बातम्या आपण वाचतोच.

पैसे नसतील तर कार्डांनी सुरुवात होते. जाड कागदावर छापा. लॅमिनेशन करायचं तर चमक नसलेलं करा, नाहीतर खिडकीचा उजेड परावर्तित होऊन कॅमेऱ्याला नक्षी दिसत नाही. कार्ड धरताना मुलांची बोटं नक्षीवर येतात, म्हणून पांढऱ्या कडेला धरायची सवय पहिल्याच तासाला लावा. मोबाइलला नेट आहे ना, वर्गाची यादी भरलेली आहे ना, ते आदल्या रात्री बघा. पहिल्या दिवशी एकच प्रश्न घ्या, आणि तो लिहायला बसाल तेव्हा गेल्या वर्षीच्या उत्तरपत्रिका शेजारी ठेवा. मुलं नेमकी कुठे आणि कशी चुकतात ते त्यातच आहे. तेच तुमचे पर्याय.